सातपायरीचं शेवटचं वळण

प्रिय आबा,

एकाच घरात राहणाऱ्या लेकीने बापाला पत्र लिहावं, हे वाचून तुम्ही आधी हसाल. मग चष्मा शोधाल, तो कपाळावरच असेल, आणि मग आईला हाक माराल. आईला सांगा, पत्र तुमच्यासाठी आहे, तिने नंतर वाचावं. मी इथे नवापूरला उमाकांत मामाकडे बरी आहे. पोटऱ्यांची सूज उतरली, अंगठ्याचं नख मात्र काळं पडलंय, ते जाणार. मामी दोन्ही वेळेला पुढ्यात बसून खाऊ घालते आणि प्रत्येक घासाला विचारते की तू घरी का गेली नाहीस. मी तिला दर वेळी वेगळं उत्तर देते. खरं उत्तर मलाच ठाऊक नाही. शर्यत झाल्यापासून माझ्या डोक्याचा नुसता गुंता झालाय. एक धागा ओढावा तर दुसरीकडे गाठ बसते.

तुम्ही म्हणाल, गुंता कसला? अट तर सरळ होती. ओट्यावर बसून, आईच्या आणि शेजारच्या सोनीबाईंच्या समोर तुम्हीच बोलला होता: तोरणमाळच्या घाटदौडीत पहिल्या तिघींत आलीस तर नाशिकच्या धावण्याच्या केंद्रात जा, मी अडवणार नाही. नाही आलीस तर दिवाळीनंतर नंदुरबारच्या पाहुण्यांना होकार कळवायचा. नंदुरबारचा नवनीत काही वाईट मुलगा नाही, हे मीही मान्य करते. औषधाचं दुकान आहे, बोलायला सरळ आहे. पण आबा, मी एकवीस वर्षांची आहे आणि चढावर मला मागे टाकणारी मुलगी आपल्या तालुक्यात एकच आहे, ती म्हणजे सोनम. नाशिकच्या केंद्राने मला घ्यायचं कबूल केलं होतं, दसऱ्यापर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले होते. अडलं होतं ते फक्त तुमच्या एका ‘हो’वर. म्हणून ती अट ऐकून मी उड्या मारल्या. पहिल्या तिघींत म्हणजे माझ्या हातचा मळ, असं वाटलं होतं.

भादव्याचं ऊन किती वाईट असतं ते आपल्या पपईच्या शेतात मी पाहिलंय, पण घाटात ते वेगळंच लागतं. पाऊस उघडलेला, रान हिरवंगार, जमिनीतून वाफ निघतेय आणि पान म्हणून हलत नाही. पायथ्याच्या राणीपूरहून निघालो तेव्हाच कपडे अंगाला चिकटले होते. घाम येत होता, पण वाळत नव्हता. घाम वाळला नाही की अंग आतून तापत जातं, हे इंद्रसिंग सरांनी कॉलेजात शिकवलं होतं, आणि त्या दिवशी ते मी स्वतःच्या अंगावर अनुभवलं. सोनम माझ्या शेजारी होती. ती घाटातल्या पाड्यावरची, लहानपणी बाजाराला जायचं तरी हाच चढ. ती मला नेहमी सांगते की चढाशी भांडू नको, त्याच्याशी गप्पा मारत जा. मी मेली भांडखोर. वाटेतल्या काळापाणी गावापर्यंत मी भांडतच गेले आणि पुढे निघाले. माझ्यापुढे फक्त ती धुळ्याची उंच मुलगी होती, आणि तीही दिसत होती.

वळणांचं तुम्हाला आठवतं ना? मी घरी जेवताना ताटात भाकरीचा तुकडा ठेवून दाखवलं होतं. घाटाच्या वळणावर आतल्या बाजूने गेलं तर अंतर कमी पडतं, पण तिथे चढ असा उभा असतो की छाती फुटते. म्हणून सरांनी मला बाहेरच्या कडेने जायची सवय लावली. चार पावलं जास्त पडतात, पण दम उरतो. तुम्ही तेव्हा वरणात भाकरी कुस्करत होता. मान वर केली नाही. आई म्हणाली होती, “त्यासले काय समजस यामधलं, तू जेव माय.” मलाही वाटलं की तुम्ही ऐकत नाही आहात.

आणि सातपायरी घाटाच्या शेवटच्या वळणावर तुम्ही नेमके बाहेरच्या कडेला उभे होता.

मी इथेच अडकते, आबा. सगळी माणसं आतल्या बाजूला, सावलीत, दरडीला टेकून उभी होती. तुम्ही एकटे उन्हात, कठड्यापाशी, खांद्यावर ओला गमछा घेऊन. म्हणजे तुम्ही ते ताटातलं वळण ऐकलं होतं. मी कुठून येणार हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. मग बाकीचंही ऐकलंच असेल ना? शर्यत सुरू होण्याआधी राणीपूरच्या मैदानात पंचांनी भोंग्यावरून सांगितलं होतं की पाणी फक्त त्यांच्या टेबलावरचं घ्यायचं, आणि कोणीही धावणाऱ्या मुलीला हात लावायचा नाही, लावला तर ती बाद. तुमचा डावा कान लहानपणीच गेला, हे खरं. पण तुम्हाला सोयीचं तेवढं ऐकू येतं, हेही घरात सगळे म्हणतात. मग मी आठवत बसते की भोंगा तुमच्या कुठल्या बाजूला होता. डाव्या बाजूला होता, म्हणजे ऐकलं नसणार. पण तुम्ही तोंड फिरवून सोनमच्या वडिलांशी, वीरसिंगभाऊंशी बोलत होता, म्हणजे उजवा कान भोंग्याकडे झाला. पण मग बोलत होता म्हणजे लक्ष नसणार. अशी मी दिवसभर तुम्हाला त्या मैदानात गोल गोल फिरवते. मामी विचारते, भिंतीकडे बघून काय पुटपुटतेस?

वळणावर माझी काय गत झाली होती ते मी तुम्हाला सांगते, कारण ते तुम्हाला बाहेरून दिसलं, आतून नाही. कान बंद झाले होते. रस्ता कडेने काळा पडत होता. पोटरीत गोळा आला आणि पाय माझा राहिला नाही. मी झोकांडी खाल्ली असेन. तेवढ्यात मानेवर गार गमछा पडला आणि कोपराला हात लागला. तुमचा हात मी आंधळी झाले तरी ओळखेन, कोयता धरून धरून घट्टे पडलेला. “दम खाय पोरी, दम खाय. पडशी तू,” असं म्हणत तुम्ही माझ्यासोबत चालू लागलात, कठड्यापासून थेट त्या मोठ्या आंब्याखालपर्यंत. मग हात सोडला आणि मी पळाले. वर तलावापाशी, शेवटच्या रेषेवर पोचले तेव्हा दुसरी होते. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या रेषेपलीकडे पडल्या पडल्या मी हसत होते. मला वाटलं, नाशिक मिळालं आणि बापही मिळाला.

पुढचं तुम्ही पाहिलंच. लाल झेंडीवाले पंच मोटारसायकलवरून आले, टेबलाशी कुजबुज झाली आणि माझं नाव खोडलं गेलं. तुम्ही गर्दीतून पुढे येऊन विचारलं, “काय झायं?” त्यांनी समजावलं तर तुम्ही म्हणालात, “मी बाप शे तिना. बापनी पोरना हात धरा, त्यामा काय गुन्हा शे?” लोक हसले. पंचसुद्धा हसले, पण नाव काही परत आलं नाही. चौथी आलेली सोनम तिसरी झाली. ती बिचारी बक्षीस घ्यायला जाईचना, माझ्या गळ्यात पडून रडत होती, आणि मीच तिला ढकलत होते. तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्याने. सोनम तुम्हाला लेकीसारखी आहे, म्हणून वाजवल्या असतील. की मनावरचं ओझं उतरलं म्हणून? बघा, मी कुठल्या कुठे जाते.

परत येताना जीपमध्ये तुम्ही मला सीताफळं घेऊन दिली आणि पुढच्या सीटवर बसून गुणगुणायला लागलात. तिथे माझं डोकं फिरलं. माझी सगळी मेहनत पाण्यात गेली आणि बाप गाणं म्हणतोय! म्हणून शहाद्याला जीप थांबल्यावर मी खाली उतरले आणि समोर दिसली ती नवापूरची बस धरली. तुम्ही हाका मारत होता, मी वळले नाही. ते चुकलं असेल तर असो. पण बस निघाल्यावर मला चिंचपाड्याचा दवाखाना आठवला. आईचं ऑपरेशन चाललं होतं, मी शाळेत होते, आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर बसून असंच गुणगुणत होता, हेच सूर. तेव्हाही मला राग आला होता. नंतर तुम्ही उठलात तर तुमचे हात थरथरत होते. आता मला सांगा, जीपमधलं गुणगुणणं आनंदाचं होतं की दवाखान्यातलं होतं? मी मागच्या सीटवर होते. मला हात दिसले नाहीत.

मामाला विचारलं तर तो मांडीवर थाप मारून हसला. “छगनराव? त्याले बठ्ठं माहीत शे! कोल्हा शे तो, कोल्हा.” म्हणजे तुम्ही सगळं जाणूनबुजून केलं, असं त्याचं म्हणणं. तुमचा मेहुणा आहे, त्याच्या बोलण्यातले आठ आणे सोडून द्यावे लागतात. आईला फोन केला तर ती म्हणाली की देवमाणूस आहे तो, त्याच्यावर शंका घेऊ नको, पाप लागेल. आईचं तरी किती धरावं? तुम्ही तिच्या वाटणीचा चहा पिऊन टाकलात तरी ती म्हणते बशी उलटली असेल. इंद्रसिंग सरांना विचारायचं धाडस झालं नाही. सोनमला फोनवर विचारलं, तर तिने मलाच उलटं विचारलं. म्हणाली, मी मागून येत होते, मला सगळं दिसत होतं. आबांनी हात धरला, पण तू झटकला का नाहीस? नियम तर तुला माहीत होता.

आबा, मी फोन ठेवून दिला. पण ते खरं आहे. तुमचा कान, भोंगा, टाळ्या, सगळं बाजूला ठेवलं तरी हे उरतंच. मला नियम तोंडपाठ होता. कोपराला हात लागताच मला कळलं होतं की कोणी पाहिलं तर संपलं, आणि मी नुसतं कोपर मागे ओढलं असतं तरी कदाचित कोणी पाहिलं नसतं. मी ओढलं नाही. त्या आंब्यापर्यंत मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. चढ संपू नये असं वाटलं. मग मला नाशिकला जायचंय की नाही? ज्या मुलीला जायचंय ती असा हात धरू देते का? एक दिवस मी ठरवलं की बहुतेक मला जायचंच नाही, नुसती हौस होती, आणि नवनीत बरा आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली तर पाय आपोआप बूट शोधत होते. नख काळं, पोटरी आखडलेली, तरी मी सुरतेच्या रस्त्याने कोंबड्यांच्या शेडपर्यंत पळून आले. दमट हवा, नाकात तो वास, आणि मी आनंदात. त्या दिवशी मला कोणी पहिल्या तिघींत ये म्हणून सांगितलं नव्हतं.

तेव्हा माझ्या डोक्यात एक गोष्ट आली, आणि ती अजून नीट बसलेली नाही, पण लिहून टाकते. तुम्हाला माहीत होतं की नव्हतं, हे मला आता विचारायचं नाही. होतं म्हणालात तर मी रागाच्या भरात जाईन, नव्हतं म्हणालात तर माझा पाय घरातून निघणार नाही, आणि मला यातलं काहीच नको आहे. मी हरले आहे. तुमच्या शब्दातून तुम्ही मोकळे आहात, नंदुरबारला होकार कळवलात तर जग तुम्हाला नावं ठेवणार नाही. मी फक्त एवढंच म्हणते की ओट्यावर तुम्ही अट घातलीत तेव्हा मी ती घ्यायला नको होती. लेकीने बापाकडे जे मागायचं ते घाट चढून का मागावं? मी कधी तुमच्यासमोर बसून, तुमच्या डोळ्यांत बघून मागितलंच नाही, आणि समोर आले तर आताही जमणार नाही, म्हणून हे पत्र. दसऱ्याला अजून अवकाश आहे, केंद्रातली जागा अजून माझी आहे, मी काल फोन करून विचारून घेतलं. आबा, मला नाशिकला जायचं आहे. मला जाऊ द्या. मी रविवारी घरी येते. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, मी ऐकेन. पण या वेळी अट घालू नका.

तुमचीच, रागावलेली आणि तरीही तुमचीच,
काजल