मासा काळा पडला म्हणून

उमापूर, ३ जून २००३

चि. सौ. वच्छला हिस त्रिंबकदादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

टाकीच्या काचा मी कापल्या. सांधे मी भरले. हवेचा पंप भंगारातल्या सामानातून मी जुळवला, झाकणाचा पत्रा मी ठोकला, खालच्या टेबलाला रंधाही मीच मारला. यातले एकही काम शाळेत शिकलो नाही. म्हणून मागूर मासा पांढरा पडला तो टाकीच्या दोषाने, असे सुंदरराव दाजी चारचौघांत म्हणाले, हे वाचून हसू आले. दाजी बियाणे संस्थेचे चेअरमन आहेत, माशाचे नाहीत.

मासा आजारी नाही. तुमच्या बैठकीत फरशी पांढरी, भिंत पांढरी, टाकीतले खडे पांढरे, वर दिवसभर ट्यूब. तो जागेसारखा रंग धरतो, दुसरे काय करणार? खडे काढून काळपट वाळू घाल. मागून, खालून काळा कागद लाव. आणि संचालकांना सांग, मिटिंगची शेव टाकीत टाकू नका. हा मिशांनी चाचपून, तळाशी, अंधारात खाणारा प्राणी आहे. दिवे मालवल्यावर बुडणाऱ्या गोळ्या टाक, चिमूटभरच. उरलेले अन्न पाणी नासवते, आणि पाणी तुमच्याकडे टँकरने येते.

तुझा लोभ आहेच. दाजींचा असला तर कळव.

त्रिंबक

गेवराई, ११ जून

ती. दादांस वच्छलाचा शि. सा. न. वि. वि.

सांगितले तसे केले. आठवडा व्हायच्या आत मासा कोळशासारखा झाला, खातोही पोटभर.

पण दादा, भलतेच होऊन बसले. विहिरीची जागा दाखवणारे रामहरी पाणाडे आले होते. मासा बघून म्हणाले, ढगाचा रंग ह्याच्यावर उतरलाय, पाऊस दारात आला. तेव्हापासून आमच्या दारात चपलांचा ढीग. काचेला लोक हळदकुंकू लावतात, मी पुसते. चकलांब्याचे रामकिसनभाऊ तर मासा बघून संस्थेतून सरकीच्या पिशव्याच घेऊन गेले. कोरड्या मातीत टोबणार म्हणतात. पाऊस लांबला तर बी मुंग्या खातील, आणि दुसऱ्यांदा पेरायची त्यांची ऐपत नाही.

यांना सांगितले, हा दादांच्या काळ्या कागदाचा गुण आहे. हे आधी लई हसले, मग साठ्याची वही काढून बसले. गोदामात सरकी तशीच पडून आहे ना. जेवताना म्हणाले, त्रिंबकला विचार, मासा पांढरा करून सभेच्या दिवशी सगळ्यांसमोर परत काळा करता येईल का. मी काय सांगू?

रागावून लिहिलेत तरी चालेल, पण लिहा. मी त्यातच माया समजेन.

वच्छला

उमापूर, २० जून

चि. सौ. वच्छला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मंगळवारी मी आलो आणि तू मासा माझ्या हाती दिलास, म्हणून दाजी तुझ्याशी बोलत नाहीत असे कळले. बोलतील. भाकरी मागायला तरी तोंड उघडावे लागेल.

रामहरीने दाखवलेल्या जागांना पाणी लागले असते तर टँकरवाले उपाशी मेले असते. त्याचे सोड. मी तुझ्याकडून निघालो तो सरळ चकलांब्याला गेलो. मासा मुद्दाम पांढऱ्या बादलीत, झाकण काढून. रामकिसनच्या ओट्यावर बसलो. दुपार कलेपर्यंत मासा राखेसारखा फिका झाला. मग त्याच्याच घरच्या काळ्या घमेल्यात सोडला, तिन्हीसांजेला परत काळपट. वर आभाळ होते तसेच कोरडे. विचारले, आता कळले का? तर हा गडी हात जोडून म्हणतो, “दादा, मंग तुमीच पाडा की पाऊस.”

एवढे समजावून शेवटी देव मीच. मग समजावणे सोडले आणि देवाच्या अधिकारानेच बजावले, की ओल वीतभर खाली गेल्याशिवाय पिशवीची शिवण उसवायची नाही. लगेच कबूल झाला. पिशव्या आढ्याला टांगल्यात, गाठ मी स्वतः मारली.

मासा माझ्याकडे मजेत आहे. रिकामी टाकी तिथेच राहू दे, संचालकांना शेव ठेवायला होईल.

तुझ्या हातची भाकरी खायला येईन. दाजींनी दार उघडले नाही तर मागच्या दाराची कडीही मीच बसवलेली आहे.

त्रिंबक

ता. क. दाजींचा माणूस काल येऊन गेला. मासा परत आणून सभेत काळा करून दाखवा म्हणाला. मला ते जमत नाही, असे मात्र कोणाला म्हणू देऊ नकोस. जमते. केले नाही. दाजी घरात आकडा कमी करून सांगतील, म्हणून लिहून ठेवतो. मी नको म्हणालो ते हे: संस्थेत मिस्त्रीची कायम जागा, आणि रोख एकवीस हजार रुपये.