गिरणी बंद ठेवून टेस्टिंग

२ मार्च १९९७, रविवार
कॉम्प्युटर पूर्ण. स्वतःच्या हाताने जोडला. पेंटियम, सोळा एमबी रॅम, रंगीत मॉनिटर. जळोचीत असा दुसरा नाही.
स्वप्नालीने पूजा केली. आधी तिच्या पिठाच्या गिरणीला हळदकुंकू, मग कॉम्प्युटरला. क्रम चुकला हे मी दाखवून दिलं. ती म्हणाली, पतसंस्थेची नोकरी तुम्ही दिवाळीत सोडली, तेव्हापासून घर गिरणीवर चाललंय. तिला पुढचं दिसत नाही. मला दिसतं.

५ मार्च
कन्हेरीच्या दूध सोसायटीचे चेअरमन मोहनराव येऊन मशीन बघून गेले. घेणार, पण अट घातली. नवा ट्रॅक्टर घेताना ते उसाच्या भरल्या ट्रॉल्या लावून चढाला घालून बघतात. तसा हाही तीन दिवस लोडवर चालला पाहिजे. "लाइट गेली तर माफ. आपणहून बसला तर न्हाय घेणार."
पास झालो की ऑर्डर. ऑर्डर आली की पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास.
स्वप्नाली म्हणाली, मार्च संपेपर्यंत वाट बघते, नाहीतर श्रेयाला घेऊन इंदापूरला जाते. इंदापूर तिचं माहेर. पुढे पाडवा आहे, सणावाराला बाई माहेरी जायचीच.

७ मार्च
सकाळी टेस्टिंगचा प्रोग्रॅम सुरू. स्क्रीनवर आकडे पळताना बघून ऊर भरून आला. तासाभरात आकडे जागच्या जागी थिजले. त्याच वेळी दिवा जरा मंदावला होता. योगायोग.

८ मार्च
पुन्हा तेच. दिवा मंदावतो, भिंतीतून घरघर येते, मशीन गप्प. संध्याकाळीही.

११ मार्च
रॅम काढली, पुसली, बसवली. फरक नाही. आता दिवा मिचकावला की माझ्याच छातीत धडधडतं. शेजारच्या कुशाबाई म्हणाल्या, जागेत काहीतरी हाय. माझा विज्ञानावर विश्वास आहे. लिंबू-मिरची फक्त त्यांच्या समाधानासाठी बांधली. दोन बांधल्या.

१५ मार्च
शोध लागला! गिरणी. तिची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं आणि मशीन बसतं. इतके दिवस शत्रू घरातच होता.
वायरमन दीपक म्हणाला, गिरणीला वेगळी लाइन ओढू, निम्म्या दिवसाचं काम. पण त्यासाठी क्लासच्या खोलीची भिंत फोडावी लागेल आणि तिला कालच आकाशी रंग दिलाय. त्यापेक्षा सोपा उपाय: गिरणी बंद.
स्वप्नालीने विचारलं, किती दिवस? तीन, म्हणालो. फार तर चार.

१९ मार्च
काल लाइट गेली. मोहनरावांची माफी आहे, पण मला डागाळलेलं यश नको. पुन्हा पहिल्यापासून.
गिऱ्हाइकं आपापले डबे परत न्यायला लागली. बाया येतात, डबा उचलतात, स्वप्नालीकडे बघतात आणि जातात. ओटा मोकळा झाला. क्लासच्या पोरांना चपला काढायला जागा झाली.

२३ मार्च, होळी
लाइट दोनदा गेली. दोनदा पहिल्यापासून.
पुरणपोळीला पीठ नाही. स्वप्नाली म्हणाली, आपल्यापुरतं तरी दळते. एक दिवस थांब म्हणालो. ती डबा घेऊन गावातल्या दुसऱ्या गिरणीत गेली. आमच्या गिरणीत घरच्या डब्याला कधी नंबर नसतो, घरचं दळण पहिलं, हा तिचा नियम. तिथे तिला दोन तास रांगेत उभं केलं. आल्यापासून बोललेली नाही. टेस्टिंगला शांतता उत्तम.

२७ मार्च
स्वप्नालीने श्रेयाचा शाळेचा दाखला काढून आणलाय. महत्त्वाचे कागद आधीच हाताशी ठेवायची तिची जुनी सवय.
फळीवरची लोणच्याची बरणी दिसत नाही. शिलाईचं मशीनही नाही. माझ्या क्लाससाठी ती न सांगता जागा करतेय. बायको अशी असावी.

३१ मार्च
सासरे सर्जेराव टेम्पो घेऊन आले. दोघा गड्यांनी गिरणी उचलून टेम्पोत चढवली. दगडाला टाकी लावून आणायची असणार, दगड गुळगुळीत झाले की पीठ जाडं येतं. मोटर आणि पट्टाही नेला. सासऱ्यांचं काम नेहमीच पक्कं.
श्रेया पुढे ड्रायव्हरशेजारी बसली. माझ्याकडे बघून हात हलवला नाही. मांडीवर दप्तर होतं. आजोळी जातानाही अभ्यास, गुण माझ्यावर गेलेत.
मी स्क्रीनपाशीच होतो, नेमका आकड्यांचा पहिला फेरा संपत होता. स्वप्नाली दारात उभी राहून म्हणाली, "भाकरी झाकून ठेवलीय. आता दिवा न्हाय मंद व्हायचा."
खरंच झाला नाही.

३ एप्रिल
पास! तीन दिवस. एकदाही थिजलं नाही, लाइटसुद्धा गेली नाही.
स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "पास झालो!" मग आठवलं. घरात फक्त कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज. पंख्याला तेल घालायला हवं.

५ एप्रिल
मोहनराव आले. स्क्रीन बघितली, मान डोलावली. मग मोकळ्या ओट्याकडे बघत विचारलं, गिरणी कुठं हाय? मी मोठ्या अभिमानाने सगळं सांगितलं, दोष कसा शोधला, कसा काढला.
त्यांनी टोपी डोक्यावर चढवली. मग म्हणाले, "मानसिंगराव, आमच्या सोसायटीत दूध गार करायच्या तीन मोटरी हायत. त्या काय माहेरी जात न्हाईत."
उठले. चहा घेता का म्हणायचं राहून गेलं. तसंही दूध नव्हतं.

६ एप्रिल
मोहनरावांचा तांत्रिक अभ्यास कमी पडतो.
दीपकला निरोप धाडला, भिंत फोड म्हणून. तो म्हणाला, फोडतो, पण आता लाइन कशाला ओढायची?


८ एप्रिल, पाडवा
घरात गहू आहेत, पीठ नाही. डबा भरून इंदापूरची एसटी धरली. दळण आणायलाच निघालो, दुसरं काही नाही.
सासऱ्यांच्या पुढच्या पडवीत गिरणी चालू होती. वेगळी लाइन ओढलेली दिसली. सणाचा दिवस असून बाहेर डब्यांची रांग. श्रेया आत नव्या शाळेचा पाढा म्हणत होती. स्वप्नालीच्या केसांवर पीठ उडालेलं. ती खूप दिवसांनी चांगली दिसत होती, किंवा मी खूप दिवसांनी बघत होतो.
मी डबा पुढे केला. तिने घेतला, खडूने त्यावर 'मानसिंग, जळोची' असं लिहिलं आणि रांगेत सगळ्यात शेवटी ठेवला.
"आज नंबर न्हाय लागायचा. उद्या या."
उद्या या म्हणाली. म्हणजे बोलावलंय.