काळ्या टी-शर्टची ओली बाही

बाबा,

परवा सकाळी तुमच्या मुलाने कैनाडच्या वाडीत बायकोचा जबडा मोडला. तिच्या अंगात तेव्हा माझा टी-शर्ट होता, आणि आज दुपारी तो मला पोलिसांच्या हातात द्यावा लागला. म्हणून लिहिते आहे. एरवी तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, तेवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि त्याचं मला वाईटही वाटलेलं नाही.

माझ्या डहाणूच्या घरातल्या लोखंडी कपाटाचा खालचा खण टी-शर्टांनी भरलेला आहे. तलासरीच्या शाळेत मी तीस वर्षं खेळ शिकवले. स्पर्धा झाली की टी-शर्ट मिळायचा, आणि मी एकही टाकला नाही. पिवळा खो-खोचा आहे. त्या दिवशी माझ्या मुली जिंकल्या आणि परतीच्या जीपमध्ये एकजात सगळ्या ओकल्या. हिरवा वृक्षारोपणाचा, त्यात दोन बायका मावतील. सगळ्यांत खाली आहेत ते दोन तुमच्या खात्यावरचे. एक निळा, सात नंबरचा. एक पांढरा, वापीच्या दुकानाच्या पिशवीत, घडी न मोडलेला.

निळा कॉलेजच्या कबड्डी संघाचा. मी दुसऱ्या वर्षाला होते. अंगातून काढवेना, म्हणून तसाच घालून घरी आले. तुम्ही ओट्यावर चिकूच्या करंड्या भरून घेत होता. "छातीवर आकडा लावून अख्ख्या गावातून आलीस? बैलबाजारात उभी राहायचंय का?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मीच जा म्हटलं तिला." चिकू उतरवायची वेळूची काठी भिंतीला टेकलेली आहे. पहिला फटका आईच्या खांद्यावर बसतो. दुसऱ्याच्या मध्ये मी येते आणि माझी भुवई फाटते. डोळ्यात रक्त उतरल्यामुळे पुढचे फटके मला दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. काठीच्या टोकाची जाळी तुटून लोंबायला लागली तेव्हा तुम्ही थांबलात, कारण हंगाम सुरू होता आणि काठी लागणार होती.

आईने भावाला बादली भरून आणायला लावली. तो अठराचा होता, मुकाट्याने आणली. मागच्या दगडावर बसून तिने माझा टी-शर्ट धुतला, एकाच हाताने, दुसरा वर जात नव्हता. "रक्ताला गरम पाणी लावायचं नाही गं, डाग शिजतो. थंड पाणी घ्यायचं, मूठभर मीठ टाकायचं." स्वयंपाक शिकवावा तसं शिकवत होती. संध्याकाळी पोलीस पाटील आले. "वाडीतून ओरडा कसला येत होता?" टी-शर्ट दोरीवर स्वच्छ वाळत होता. मी, कॉलेजात शिकणारी, म्हणाले, "सामन्यात पडले, काका." दुसऱ्या दिवशी तुम्ही वापीला जाऊन पांढरा टी-शर्ट घेऊन आलात. माझ्यापुढे धरून म्हणालात, "घे. याच्यावर काही नाही." तुम्ही गेल्यावर आई म्हणाली, "बघ, मनाचे वाईट नाहीत."

आता परवाचं सांगते. वहिनीचं माहेर वाढवणचं. तिथे होऊ घातलेल्या बंदराच्या विरोधात किनाऱ्यावर बायकांची साखळी होणार होती. मागच्या साखळीत मला मिळालेला काळा टी-शर्ट मी तिला दिला; त्याच्यावर पुढे 'किनारा आमचा' असं लिहिलेलं आहे. तो घालून ती दाराबाहेर पडली एवढंच. पुढचं तिने मला कासाच्या सरकारी दवाखान्यात कागदावर लिहून दाखवलं, कारण तोंड उघडत नव्हतं. "हे म्हणाले, छातीवर पाटी लावून कुठे निघालीस? मग काठी घेतली. दोनदा तोंडावर. पडल्यावर पाठीत." काठी आता ॲल्युमिनियमची आहे, बाबा. तेवढी सुधारणा तुमच्या मुलाने केली आहे. खाली तिने अजून एक ओळ लिहिली: "ताई, या वेळी पडले असं सांगायचं नाही." या वेळी. म्हणजे आधीच्या वेळा मी ऐकून घेतल्या होत्या.

सिस्टरने टी-शर्ट पिशवीत घालून माझ्याकडे दिला, पोलीस मागतील, जपून ठेवा म्हणाली. घरी आले, मोरीत गेले, बादलीत थंड पाणी सोडलं, मीठ टाकलं आणि उजवी बाही आत बुडवली. मी काही ठरवलं नव्हतं. हात आपोआप चालले. काळ्यावर रक्त दिसत नाही. पाणी लाल झालं तेव्हा मला कळलं मी काय करते आहे. बाही बाहेर ओढली आणि बादली लाथेने उलटी केली.

काल भाऊ आला. साठीला आलेला माणूस, ओट्यावर उकिडवा बसला. दोरीवर टी-शर्ट वाळत होता, त्याच्याकडे बघत राहिला.

"ताई, धुवून टाक ना तो."

"का?"

"घरातली गोष्ट आहे. रागात हात उठला. मी वापीहून तिला चांगला ड्रेस आणतोय."

"तिला चावता येत नाहीये. ड्रेस खाणार आहे का ती?"

"आईने तुझा धुतला होता की नाही? बादली मी आणली होती. तेव्हा तू बाबांना आत घातलंस? मलाच का?"

 मी त्याला हाकलून दिलं.

आज दोन पंच घेऊन महिला पोलीस आली. दारातच म्हणाली, "बाई, ओळखलंत का? तलासरीची, तुमच्या हाताखालची." मग टी-शर्ट उलटसुलट करत हसली. "तुम्ही मला ग्राउंडवर थोबाडीत मारलेली. कानात दोन दिवस शिट्टी वाजत होती."

"का मारलं होतं?"

"शाळेचा मरून रंगाचा टी-शर्ट न घालता आले म्हणून. एकच होता ना, वाळला नव्हता. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही मला नवाकोरा आणून दिलात. आईने अजून ठेवलाय तो. म्हणते, बाई मनाच्या चांगल्या."

तो टी-शर्ट मला आठवतो, बाबा. निवृत्तीच्या समारंभात गरीब मुलीला स्वतःच्या पैशाने कपडा घेतल्याचं कौतुकाने सांगितलं होतं मी. थोबाडीत मारलेलं मात्र आठवत नाही. आता आठवून बघते तरी हाताला काही लागत नाही. तुम्हालाही माझी भुवई अशीच आठवत नसेल, आणि वापी आठवत असेल. तिला 'चुकले' म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "चहा घेणार?"

तिने बाही चाचपली. मीठ वाळून ती कडक झाली होती, इतर डागांसारखी नव्हती. तिने पेन थांबवलं आणि आवाज खाली आणला. "बाई, हे पाण्यात गेलंय. त्यांचा वकील धरून बसेल. तुमच्यावरही येईल. न लिहिता सोडू का?"

मी म्हणाले, "लिही."

हे पत्र पांढऱ्या टी-शर्टच्या पिशवीत जाईल. जे दिलं त्याची नोंद, तिच्या पंचनाम्याच्या कागदावरून उतरवून घेतली तशी:

काळा टी-शर्ट, एक. पुढे 'किनारा आमचा' अशी अक्षरं. गळ्याशी व छातीवर वाळलेले डाग. कागदात गुंडाळून लाखेचं सील केलं. देणारीचं आरोपीशी नातं: सख्खी मोठी बहीण. उजवी बाही पाण्यात बुडवलेली. कोणी बुडवली: देणारीने.