भुऱ्याची साडेपाचची वेळ

औरंगपुरा, औरंगाबाद
ता. ६ जानेवारी १९७५

चि. सौ. मीनाक्षीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

त्या सकाळी मी बंब पेटवला, सडा टाकला, भाकरी थापल्या आणि तुझ्या नानांच्या डब्यात मेथी भरली. चपला घालताना ते म्हणाले, "साडेपाचला येतो. चहा ठेव." रोज हेच म्हणायचे. कचेरीत खुर्चीवरच गेले. दवाखान्यातून परस्पर नेलं, आणि आपल्यात बायका तिकडं जात नाहीत. म्हणून मला ती सकाळच आठवते, पुढचं काही नाही. असो. तुला भुऱ्या पिल्लाची हकीकत हवी आहे.

कुत्र्याचं पिल्लू वळवायचे जावईबापूंनी लिहून दिलेले नियम मी भिंतीला चिकटवले आहेत. पोलीस ॲक्शननंतर निजाम गेला, कचेरीतलं उर्दू गेलं आणि नाना घरी बसून मराठी मसुदे लिहू लागले, तेव्हा त्यांच्या मागं उभी राहून मी वाचायला शिकले. त्यामुळं लिहिलेलं मोडायला माझं मन होत नाही.

खोका शेजारच्या मोहियोद्दीनभाईंनी करून दिला, पट्ट्यांचं दार लावून. दोन दिवस पिल्लू आत रडलं. गप्प झाल्यावरच मी दार उघडायचे. आता आपणहून जाऊन झोपतं. उठलं की बाहेर, खाल्लं की बाहेर, गल्लीच्या टोकाच्या त्याच कडुलिंबाखाली. मोहियोद्दीनभाईंच्या जहांआराबी म्हणतात, आमच्या मियांसाठीही असा एक खोका हवा होता.

एकच खोड आहे. दिवसभर घर कोरडं, पण रोज साडेपाचला उंबऱ्यावर जातो, शेपटी हलवतो, कुंईकुंई करतो आणि तिथंच मुततो. दार उघडं असतं. समोर कोणी नसतं. जावईबापूंना विचारून कळव.

लोभ आहेच, तो उत्तरातूनही दिसू दे.
तुझी आई


पुणे, ता. ११ जानेवारी

ती. आईस मीनाक्षीचा सा. न., वि. वि.

वर 'सौ.' लिहून खोडलं आहे, ते तुला दिसेलच. हात अजून ऐकत नाही.

हे म्हणतात की पिल्लाला रागावू नकोस. घरचं माणूस आलं की आनंदानं लहान पिल्लांचं असं होतं, मोठं झालं की थांबतं. फक्त विचारतात, साडेपाचला येतं कोण?

ठरल्याप्रमाणं ३१ तारखेला आम्ही तुला न्यायला येतो, कायमचं. भुऱ्या खोक्यासकट. तू दिवसातून एकदाच जेवतेस, हे जहांआराबींनी मला कळवलंय. त्यांच्यावर चिडू नकोस.

माया आहे तशीच असू दे.
तुझी मीना


औरंगाबाद, ता. १५ जानेवारी

चि. सौ. मीनाक्षीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

'घरचं माणूस आलं की' हे चार वेळा वाचलं. येतं कोण, म्हणून विचारलंस. मुक्या जनावराला दिसतं ते आपल्याला दिसत नाही. भुऱ्यानं नानांना कधी पाहिलं नाही. भिंतीवर फोटोसुद्धा नाही, मी लावू दिला नाही. तरी तो बरोबर त्या वेळेला उठतो.

मी त्याला काही शिकवलेलं नाही. सव्वापाचला चहा ठेवते, दोन कप. पाय धुवायला पाण्याचा तांब्या उंबऱ्याशी ठेवते, कडी काढते आणि पदर नीट करून उभी राहते. तेवढ्यात तो खोक्यातून येतो.

मी येत नाही. कुलूप बघून ते दारातून परत जातील. एकदा घरी आले नाहीत. दुसऱ्यांदा माझ्यामुळं तसं व्हायला नको.

रुसू नको, लोभ राख.
तुझी आई


पुणे, ता. २० जानेवारी

ती. आईस सा. न., वि. वि.

हे लिहायचं माझ्या जिवावर आलंय. भुऱ्या नानांना बघत नाही, तुला बघतो. नाना गेल्यापासून पाच महिन्यांत एकदाही न चुकलेला असा घरात एकच नियम आहे, तोच तो शिकला. तू दाराकडं बघून हसत असशील. त्याला वाटतं, कोणीतरी आलंच.

मोठा झाला की त्याचं मुतणं थांबेल आई, पण वाट बघणं थांबणार नाही. तू नसलीस तरी तो त्या उंबऱ्यावर बसेल.

एक दिवस साडेपाचला त्याला कडुलिंबाखाली ने. एवढंच मागते.

रागावलीस तरी माझीच राहा.
तुझी मीना


औरंगाबाद, ता. २४ जानेवारी

चि. सौ. मीनाक्षीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र वाचून राग आला. एवढं शिकवलं ते हे ऐकायला का, असं वाटलं. म्हणून पत्र मिळाल्यावर लगेच लिहिलं नाही.

आज तांब्या ठेवून उभी राहिले आणि दाराऐवजी भुऱ्याकडं पाहिलं. तो दाराकडं बघतच नव्हता. मान वर करून माझ्या तोंडाकडं बघत होता. मग मी गालाला हात लावून पाहिला. मी खरंच हसत होते. नाना गेल्यावरही मी हसते, हे मला ठाऊक नव्हतं.

३१ तारखेचं आत्ताच काही सांगत नाही.

जीव लावतेस, तो लावत राहा.
तुझी आई

ता. क. पत्र काल टाकायचं राहिलं. आज सव्वापाचला एकच कप चहा ठेवला. तांब्या मात्र सवयीनं उंबऱ्याशी ठेवला गेला. साडेपाचला दाराला कुलूप लावून भुऱ्याला कडुलिंबाखाली नेलं. परत येऊन कुलूप उघडलं आणि त्या पाण्यानं मी माझे पाय धुतले.