मागच्या खोलीचं दार

१२ ऑगस्ट

ती. दादास,
सा. न. वि. वि.

झालं रे बाबा एकदाचं घर! घरमालकिणींची कटकट संपली. कॉलेजच्या मागे नवी रांग बांधली आहे, त्यात शेवटचं आमचं. रंगाचा वास अजून जात नाही. वरची खोली दोन विद्यार्थ्यांना दिली आहे. चालतात कसले, घोडे नाचतात नुसते. खालची मागची खोली मात्र आईची. खिडकीतून सगळं मैदान दिसतं. इतकी वर्षं तू तिचं केलंस, आता माझी पाळी.

एकच खोट आहे. त्या खोलीचं दार वरच्या कोपऱ्यात घासतं. माणूस पाठवतो म्हणणारा ठेकेदार उंबराचं फूल झालाय. शेवटी मीच अण्णांचा रंधा काढला आणि दोन हात मारले. सुताराची लेक आहे म्हटलं! हे तोंडात बोट घालून बघत राहिले.

वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
धाकटी


२३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. प्राध्यापकीण झालीस तरी हात विसरला नाही, अण्णा असते तर छाती फुगली असती त्यांची. पावसाळ्यात लाकूड फुगतं. घासलं की रंधा मारायचा, हे आपल्या घरात पोरांना बोलण्याआधी कळतं. खुशाल मार.

आई आढेवेढे घेते आहे, पण भुशाने तिचा खोकला हटत नाही. उन्हाळ्यात पाठवतो. जावईबापूंना सांग, बायकोच्या हातात रंधा असताना भांडू नये.

आशीर्वाद आहेतच, पत्रांत खंड नको.

दादा


३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ते दार माझ्या मुळावर उठलंय! थंडीत एकदा रंधलं, आता या रणरणत्या उन्हात पुन्हा. एका कोपऱ्यात बोटभर फट पडली, तरी दुसरीकडे घासतंच. जिन्याजवळ भिंतीला बारीक रेघ आली आहे. ठेकेदार भेटला, म्हणाला, नवं घर आळस देतं, बाई.

परवा आमचे म्हातारे ग्रंथपाल चहाला आले होते. मागच्या खोलीत उभे राहून हसतच सुटले. ते विद्यार्थी असताना इथे दगडाची जुनी खाण होती, पाण्याने भरलेली. अगदी याच जागी सूर मारायचे म्हणे. आम्हीही पोट धरून हसलो.

आता सबबी नकोत. आईला बसमध्ये बसवून दे. मी वाट बघते आहे.

तुझी,
धाकटी


१८ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद. बाकीचं नंतर.

आई पोचून चार-पाच दिवस झाले असतील. मीच बसवून दिलं तिला, या हातांनी.

आज एका गिऱ्हाइकाचं दार आणलं होतं. उन्हाने इतकं आटलंय की कडी पोचत नाही. ते हातात धरलं आणि तसंच टाकून हे लिहायला बसलो. अगं, उन्हाळ्यात लाकूड आटतं! मग तुझं दार कशाने घासतंय? दार फुगलेलं नाही, चौकट दबते आहे. घर खचतंय. ग्रंथपाल पोहायचे ती खाण बुजवून त्यावर तुमची रांग उभी केली आहे. घर सांगत होतं आणि आपण दोघं शहाणे रंधा मारत बसलो.

पत्र हातात पडेल तशी आईला घेऊन बाहेर पड. वरच्या पोरांनाही काढ. सामानाचं बघू नकोस. तारघर आज बंद आहे; उद्या उघडताच तार करतो आणि मिळेल त्या गाडीने येतो. मला फार भीती वाटते आहे गं.

दादा


१८ एप्रिल

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आई सुखरूप पोचली. खोली फार आवडली तिला. खोकला निम्मा झाला. काल दार अडलं तर माझ्या हातातून रंधा हिसकावला आणि म्हणाली, तुला अजून धरता येत नाही. अशी सफाईने रंधत होती, मला एकदम अण्णा आठवले आणि रडूच आलं. रंधा आता तिच्या उशाशीच असतो. खिडकी मात्र सकाळपासून उघडत नाही. आई म्हणते, राहू दे, दार आहे ना.

वरची मुलं मित्रांना जमवून धिंगाणा घालताहेत, म्हणून आई दार लावून पडली आहे. तू काही काळजी करू नकोस. असाच आमचा राहा.

तुझी,
धाकटी

ता. क. पाकीट चिकटवत होते, तोवर आईने आतून हाक मारली. दार पुन्हा अडकून बसलंय म्हणते. रंधा आतच आहे, काढेल ती. तेवढ्यात मी हे पेटीत टाकून येते.