उरलेली माती

१२ मार्च २००६
मामासोबत आर्णीच्या इकडं कामाले आली. लय बरं वाटून राह्यलं. आठवीत शाळा सुटली तवापासून घरातच होती, चार मानसांत मले बोलताच येत नाई. इथं बोलायचं कामच नाई. धर्मपालमामा खड्डा खोदते, मी टेप धरते अन् मातीच्या थैल्या भरते. देवीलाल सायब माती पाहून सांगते, या वावरात कापूस घ्याचा, संत्रा लावाचा, का नुसत्या इटा पाडाच्या. इकडं कापूस सालोसाल हातचा जाऊन राह्यला, म्हनून सारे सायबाच्या तोंडाकडं पाहून राह्यले. राह्याची सोय तुळसाबाईकडं. वावर तिचंच. तिनं चून-भाकर देल्ली.

१४ मार्च
पहिला खड्डा. चार फूट. मामा आत उभा राह्यला तं छातीपासून वरचा भाग बाहेर. वर काळी माती, खाली पिवळा मुरूम. माती किती चिकट ते पाहाले मी ओल्या मातीची वात वळली, तुटली नाई. सायब म्हने, पोरीचा हात चांगला हाये. मी खालीच पाह्यलं. खड्डा बुजवला तं टोपलंभर माती उरली. तुळसाबाईनं सांगतलं, जुने लोक असंच पाहे. माती उरली तं वावर चांगलं, कमी पडली तं त्यात जीव लावू नये.

१७ मार्च
दुसऱ्या खड्ड्याची लय माती उरली. सायब खूश. म्हने, असं वावर साऱ्या तालुक्यात नाई. गावचे लोक पाहाले आले, मामाले चहा पाजला. मामा खांद्यापासून तेवढा वर दिसे. मी टेप पुन्हा लावली. चार फूटच.
सांजी तुळसाबाईनं मामाच्या पँटीचे पाय दुमडून शिवून देल्ले. मामानं सांगतलं नव्हतं.

२० मार्च
आज हनुवटी. टेप चार फूट. मातीचा ढीग उरला. मामा हासते, म्हने उन्हानं वाळलो. चप्पल पायातून निघते, रस्सीनं बांधली. सायबाले सांगाले गेलती. थैल्या मोजून देल्ल्या अन् वापस आली.

२२ मार्च
नुसती टोपी दिसते. एकदाची बोलली मी. म्हनलं, मामा कमी होऊन राह्यला. सायबानं मामाकडं पाह्यलं, मंग ढिगाकडं. ढिगाकडंच पाहत राह्यला. म्हने, अजून एक घेऊ.
तुळसाबाईले इचारलं, पँट काहून शिवली.
"माह्या मानसाच्या बी शिवल्या वं बाई. त्या साली कापूस कसा पिकला, इचार गावात."

२३ मार्च
मामा उतरला. हाक मारली तं खालून ओ आली, लहान पोरासारखी. मंग काईच नाई. वाकून पाह्यलं — रस्सी बांधलेली चप्पल. म्हनलं बुजवू नका — कोनी आयकलं नाई. ट्रॅक्टरभर माती उरली. लोकायनं कपाळाले लावली.

२४ मार्च
आजचा खड्डा गावच्यायनं खोदला. सायब म्हने, थैली भराले तूच उतर. मी उतरली. मामा इथंच असन.
वही कमरेले होती. उतरली तवा सायबाचं तोंड दिसे. आता त्याचे जोडे. टेप चार फूटच.
खालच्या मातीची वात वळली. तुटत नाई. मामाच्या बिडीचा वास —
तुळसाबाई काठावर बसली. मांडीवर माही सलवार. सुईत दोरा ओवून राह्यली. मी हाका मारून — हा आवाज माहा नाई — एवढुश्या पोरीचा —
वरून पहिलं टोपलं