चालकाचं नाव

बेट्टंपाडी, ता. ९ नोव्हेंबर १९९८

चि. रत्नाकरास,

जलजाक्काचे अनेक आशीर्वाद. सौ. हेमलतेलाही कळव.

आम्ही दोघं ठीक आहोत हे आधी वाच, मग पुढचं. शुक्रवारी संध्याकाळी आपली गाडी मोनप्पा गौडांच्या खळ्याच्या भिंतीवर गेली. वळण चुकलं. भिंत जांभ्याची, त्यामुळे तिचे चार चिरे निखळले आणि गाडीचं तोंडच गेलं. बॉनेट दुमडलं, उजवा दिवा फुटला, रेडिएटरमधून पाणी वाहून रस्ताभर झालं. अप्पांचा डावा खांदा दारावर आपटून सुजलाय. मला छातीला मुका मार आहे. डॉक्टरांनी दोघांनाही एकच मलम दिलं आणि एकाच ट्यूबचे पैसे घेतले, त्यामुळे अप्पा त्यांच्यावर खूश आहेत.

गाडी पुत्तूरला फेलिक्स मेस्त्रीकडे ओढून नेली. त्याने बॉनेटखाली डोकं घालून बराच वेळ काढला आणि चौदा हजारांच्या खाली येणार नाही म्हणाला. विमा पूर्ण आहे, हप्ता भरलेला आहे. तरी अप्पा म्हणतात, क्लेम करायचा नाही, हप्त्यात मिळते ती बोनसची सूट जाईल. तुला यातलं जास्त कळतं म्हणून विचारते. फोनवर बोलले असते, पण फोन दिवाणखान्यात आणि अप्पाही तिथेच.

सुपारी उतरवायला माणसं मिळत नाहीत. बाकी ठीक. अधूनमधून लिहीत जा, म्हणजे भाऊ आहे असं वाटतं.

तुझी,
जलजाक्का


बेंगळुरू, ता. १४ नोव्हेंबर १९९८

ती. जलजाक्कास,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. तुमचं दोघांचं फारसं काही बिघडलं नाही हे बरं झालं.

आता गाडीचं. मागच्या वर्षी एका रिक्षाने माझ्या गाडीचं दार खरवडलं, तेव्हा मी क्लेम केला नाही. रंगाला जेवढे लागले त्याहून जास्त पुढच्या हप्त्यात गेले असते, म्हणून गप्प बसलो. पण ती खरवड होती, ही भिंत आहे. अप्पांचा नऊ वर्षांचा बोनस सगळा गेला तरी दोन-तीन वर्षांत भरून येईल. चौदा हजारांपुढे तो काहीच नाही. बोनस वाचवण्यासाठी पदरचे चौदा हजार घालायचे, म्हणजे छत्री भिजेल म्हणून पावसात तशीच काखेत धरून चालण्यासारखं आहे. हे अप्पांना माझ्या नावावर सांग, तुझ्या नको.

फेलिक्सला सांग, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एक स्क्रूही फिरवू नकोस. विमा एजंट ईश्वर भटांना मी फोन केलाय. ते फॉर्म घेऊन येतील, अप्पांनी फक्त सही करायची.

एक विचारायचं होतं. त्या वळणावरून अप्पा चाळीस वर्षं जातायत. आधी सायकल, मग मोटारसायकल, मग गाडी. ते वळण त्यांचं कसं चुकलं? डोळे शेवटचे कधी तपासले? त्र्याहत्तराव्या वर्षी माणसाने गाडी चालवावी का, हा विषय मी कधी काढला नाही. आता काढावा लागेल असं दिसतं.

हेमलतेचा नमस्कार. मोठी बहीण म्हणून रागव, पण मनात धरू नकोस.

तुझा,
रत्नाकर


बेट्टंपाडी, ता. २० नोव्हेंबर १९९८

चि. रत्नाकरास,

अनेक आशीर्वाद.

बुधवारी ईश्वर भट आले. फॉर्म घरूनच भरून आणलेला. गाडीचा नंबर, पॉलिसीचा नंबर, अपघाताची वेळ, आणि अपघाताच्या वेळी वाहन कोण चालवत होते, या रकान्यात बी. त्यांपण्णा रै, लायसन्स नंबरसकट. अप्पांचं लायसन्स पुढच्या वर्षीपर्यंत चालू आहे, त्यामुळे काही अडचण नाही म्हणाले. अप्पांनी चष्मा लावून फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग घडी घालून भटांना परत दिला आणि मला सांगितलं, यांना नीर दोसे वाढ, गरम आहेत तोवर.

भटांना वाटलं, अप्पांना काही चुकलेलं दिसलं. ते म्हणाले, वेळ चुकली असेल तर बदलू. अप्पा म्हणाले, वेळ बरोबर आहे. मग भट म्हणाले, मग काय अडतंय? अप्पा म्हणाले, काही अडत नाही, मला क्लेम करायचा नाही एवढंच. भटांनी सहा दोसे खाल्ले आणि जाताना मला अंगणात बाजूला घेऊन विचारलं की अप्पांची तब्येत बरी आहे ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी फेलिक्सला फोन करून काम सुरू करायला सांगितलं. चांगल्या भावासाठी ठेवलेली सुपारीची पोती विकायला काढली आहेत. डोळ्यांचं म्हणशील तर अप्पा अजून सुईत दोरा ओवतात. तू त्यांना त्याबद्दल काही लिहू नकोस, एवढं ऐक.

छातीचं दुखणं कमी आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
जलजाक्का


बेंगळुरू, ता. २५ नोव्हेंबर १९९८

ती. अप्पांस,

शि. सा. न. वि. वि. खांदा बरा असेल.

अक्काने लिहू नको म्हटलं होतं, तरी लिहितोय. तुम्ही भटांना परत पाठवलं हे मला पटलं नाही. नऊ वर्षं हप्ता भरला तो कशासाठी? अशा दिवसासाठीच ना? तुमची सही एवढीच गोष्ट अडली होती.

रागावू नका, पण मला वाटतं तुम्हाला अपघाताची नोंदच नको आहे. एकदा नोंद झाली की लायसन्स नवं करताना डोळ्यांची नीट तपासणी होईल, ही धास्ती आहे. ज्या वळणावर तुम्ही मला सायकल शिकवलीत ते तुम्हाला दिसलं नाही, याचा अर्थ दोघांनाही कळतो. शेजारच्या सीटवर अक्का होती. तिला छातीवर लागलं. डोक्यावर लागलं असतं तर? तिचं आधीच काय कमी झालंय? तीन वर्षांपूर्वी सासर सोडून ती तुमच्या भरवशावर घरी आली.

इथे माझ्या ओळखीचा एकजण जुनी मारुती शोधतोय. दुरुस्त झाली की तो येऊन घेऊन जाईल. तुम्ही आणि अक्का काही महिने इकडे या. सुपारी खंडाने देता येईल.

लहान तोंडी जास्त बोललो असेन तर पोटात घाला.

आपला,
रत्नाकर


बेट्टंपाडी, ता. ३० नोव्हेंबर १९९८

चि. रत्नाकर यास,

त्यांपण्णाचे आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलं आहे.

क्लेम करणार नाही. गाडी विकणार नाही. तुझ्या ओळखीच्या गृहस्थांना तसं कळव, उगीच त्यांना खेप पडायला नको. सोसायटीच्या काट्यावर मी बत्तीस वर्षं वजनाच्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या. काट्यावर जे दिसलं तेच लिहिलं. घरात माणूस गप्प बसू शकतो. कागदावर गप्प बसता येत नाही, तिथे काहीतरी लिहावं लागतं.

डोळ्यांबद्दल तुला जे वाटायचं ते वाटू दे. त्यावरून जलजाक्षीला काही विचारू नकोस. मोनप्पाची भिंत बांधून दिली. हेमलतेच्या आईच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

अप्पा


बेट्टंपाडी, ता. २ डिसेंबर १९९८

चि. रत्नाकरास,

आशीर्वाद. हे पत्र एकटा असताना वाच.

तुझं पत्र अप्पांनी वाचलं आणि टेबलावर उघडंच ठेवून बागेत गेले. मी वाचावं म्हणून ठेवलं की विसरले, मला ठाऊक नाही. मी वाचलं. गाडी मी चालवत होते, रत्ना.

आतापर्यंतच्या पत्रांत मी खोटं एकही वाक्य लिहिलं नाही. गाडी भिंतीवर गेली, वळण चुकलं, असं लिहिलं. कुणाचं चुकलं ते तेवढं लिहिलं नाही. तुला पटकन अप्पाच दिसले आणि मी दिसू दिले.

गाडी शिकायचं दसऱ्यानंतर अप्पांनीच काढलं. जेवताना म्हणाले, तुझी शाळा अकरा किलोमीटर, बस दोन, त्यातली एक कधी येते, कधी येत नाही. मी गेल्यावर तू काय करणार? मी म्हणाले, चाळिशी उलटल्यावर कुठे शिकायचं? ते म्हणाले, चाळिशी उलटल्यावर नवऱ्याला नाही म्हणायला शिकलीस, हे त्यापेक्षा सोपं आहे. मग रोज संध्याकाळी आपल्या खळ्यात, नंतर बागेतल्या रस्त्यावर. शिकाऊ लायसन्ससाठी पुत्तूरला जायचं ते राहून गेलं. खरं सांगायचं तर मीच टाळलं. तिथे ऑफिसात नवऱ्याच्या नात्यातला माणूस आहे, त्याच दिवशी बातमी सासरी गेली असती की घर सोडलेली बाई आता गाडी हाकते. अप्पा म्हणाले, थोडा हात बसू दे, मग जाऊ. ही त्यांची चूक, आणि ती त्यांनी मान्य केली आहे.

त्या शुक्रवारी मी पहिल्यांदा मोठ्या रस्त्यावर आले. वळणावर समोरून सुपारीचा टेम्पो आला आणि मी ब्रेक समजून ॲक्सिलरेटरवर जोर दिला. अप्पांनी डावीकडून हात घालून चाक फिरवलं, म्हणून भिंत. नाहीतर टेम्पो होता.

मोनप्पा गौडा खळ्यात उभे होते. त्यांनी सगळं पाहिलं. धावत आले, मला पाणी दिलं आणि अप्पांना म्हणाले, मालक, तुम्ही म्हणाल तेच मी पाहिलं. अप्पा म्हणाले, तू पाहिलंस तेच पाहिलंस, फक्त विचारल्याशिवाय सांगू नकोस.

लायसन्स नसलेल्या माणसाच्या हातून झालं तर विमा मिळत नाही हे मला माहीत होतं. भटांनी फॉर्म आणला तेव्हा माझ्या मनात आलं की अप्पांनी सही करावी. करावी असंच वाटलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. चौदा हजार म्हणजे माझा चार महिन्यांचा पगार. त्यांनी फॉर्म परत दिला तेव्हा मला राग आला होता. रात्री मी त्यांना म्हणाले, माझं नाव वाचवायचं आणि पैसेही घालवायचे, असं का? ते म्हणाले, नाव वाचवायला पैसे पडतात, फुकट वाचवायचं तर सही खोटी करावी लागते.

पण तू त्यांना आंधळं म्हणालास आणि ते त्यावर गप्प बसले, हे मला सोसवत नाही. त्यांना कळू न देता तुला लिहिणार होते. मग ठरवलं, नको, सांगूनच लिहावं. सांगितलं. ते म्हणाले, तुझी मर्जी, पाकिटावर तिकीट नीट लाव.

जलजाक्का


बेंगळुरू, ता. ८ डिसेंबर १९९८

ती. अक्कास,

शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचल्यावर तुझं पहिलं पत्र पुन्हा काढलं. अप्पांचा डावा खांदा दारावर आपटला, असं तू स्पष्ट लिहिलं होतंस. गाडी चालवणाऱ्याचा डावा खांदा दारावर कसा आपटेल? कारखान्यात मी दिवसभर नकाशे तपासतो आणि हे मला दिसलं नाही. तेव्हा डोळे कुणाचे तपासायला हवेत हे ठरलं.

मी असतो तर सही केली असती. हेही तुला सांगून टाकतो. भटांना संशय आला नसता, सर्व्हेअरला आला नसता, मोनप्पा बोलला नसता. माझ्या हिशेबात कुठेच चूक नव्हती, फक्त गाडी कोण चालवत होतं हे धरलं नव्हतं.

हेमलतेला पत्र वाचून दाखवलं. तू एकट्याने वाच म्हणालीस, पण मला एकट्याला झेपलं नाही. तिने विचारलं, तुमच्या घरात तिला शिकवायचं चाळीस वर्षांनी का सुचलं? मला सतराव्या वर्षी शिकवलं होतं अप्पांनी. तू तेव्हा स्वयंपाकघरात होतीस.

अप्पांना वेगळं लिहायला तीनदा बसलो. माफी मागणारं पत्र लिहिता येत नाही, बाकीची सगळी येतात. तू सांग त्यांना. आणि गाडी घेणाऱ्याला मी नाही म्हणून कळवलंय. दुरुस्तीत माझा वाटा घे म्हणून आग्रह करणार नाही, अप्पा घेणार नाहीत. हेमलतेच्या आईचा गुडघा बरा आहे, हे मात्र त्यांना नक्की सांग.

तुझा,
रत्ना


बेट्टंपाडी, ता. ११ मार्च १९९९

चि. रत्नाकरास,

अनेक आशीर्वाद. उशीर झाला, परीक्षा चालू होत्या.

तुझा निरोप अप्पांना तेव्हाच सांगितला होता. ते म्हणाले, गुडघ्याचं बरं झालं. संध्याकाळी तुझं आधीचं पत्र टेबलावरून उचलून कपाटात ठेवलं.

डिसेंबरातच शिकाऊ लायसन्स काढलं. नात्यातल्या त्या माणसानेच फॉर्म घेतला. सासरी बातमी गेली असेल, पण इकडे काही आलं नाही. गाडीवर लाल रंगात मोठा एल लावून अप्पांनी मला पुत्तूरच्या बाजारातून दोनदा फिरवलं. जानेवारीत विमा नवा करायची वेळ आली तेव्हा त्यांनी गाडी माझ्या नावावर केली. भटांनी सांगून पाहिलं की नऊ वर्षांचा बोनस तुमचा आहे, तो गाडीबरोबर जलजाक्षीला मिळणार नाही, तिची पाटी कोरी. अप्पा म्हणाले, कोरीच असू दे. या वेळी सहीची जागा दाखवून बाजूला झाले, सही मी केली.

फेब्रुवारीत परीक्षा दिली. इन्स्पेक्टरने चढावर गाडी थांबवून परत सुरू करायला लावली. गाडी मागे आली नाही. पास.

सोमवारी एकटी शाळेत गेले. अप्पा फाटकापर्यंत आले, काही सूचना नाहीत, नुसतं फाटक उघडून धरलं. वळणावर हळू केली. मोनप्पा खळ्यात होते, त्यांनी हात केला. मी हात केला नाही, दोन्ही चाकावर होते. शाळेच्या आवारात झाडाखाली गाडी लावली, काचा चढवल्या. तीन वर्षं रोज कुणाच्या ना कुणाच्या जीपमधून, कधी दुधाच्या व्हॅनमधून उतरून मी हसून आभार मानत आलेय. उद्याही जागा मिळावी म्हणून जरा जास्तच हसून. त्या दिवशी उतरले आणि सवयीने मागे वळले. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. मग कुलूप लावलं आणि वर्गावर गेले.

उन्हाळ्यात या दोघं. बसस्टँडवर घ्यायला मी येईन.

तुझी,
जलजाक्का